टेलचा माणूस

नीरा उजवा कालवा वीर धरणातून निघतो आणि फलटण, माळशिरस करत सांगोल्याच्या शिवारात येईपर्यंत वाटेतला ऊस मन भरून प्यालेला असतो. अशा कालव्याच्या टेलला ज्याचा जन्म गेला, तो माणूस निराळाच घडतो. आपली पाण्याची पाळी येईल याची त्याला खात्री नसते आणि आलीच तर दुसऱ्यानं दार मोडायच्या आत उरकायची घाई असते. आमचे नाना हा त्यातला अस्सल नग. लग्नात पहिली पंगत सोडत नाहीत, एसटी थांबायच्या आत खिडकीतून टॉवेल टाकतात आणि कुठंही मुक्कामाला गेले की देवाच्या आधी नळ बघतात.

औंदा डाळिंबाचा मृग बहार साधला. बागेला ताण चांगला बसला, तेल्या चुकला, व्यापाऱ्यानं भगवा जागेवरून उचलला. हातात पैसा आहे तोवर बापाला घराबाहेर काढावं म्हणून पुण्याच्या लेकीनं परस्पर नाना-वैनींची अंदमानची तिकिटं काढली. सोबत म्हणून मलाही धरलं. नानांचा प्रश्न एकच होता, ‘‘पाणी खारंच हाय न्हवं? मग बघायचं काय त्यात?’’

पोर्ट ब्लेअरला (आता त्याला श्री विजयपुरम म्हणायचं) मराठी माणूस उतरला की आधी सेल्युलर जेल. सावरकर १९११ ते १९२१ तिथं होते. नानांनी कोठडीच्या उंबऱ्यावर डोकं टेकवलं आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बोटीनं हॅवलॉक. २०१८ पासून या बेटाचं नाव स्वराज द्वीप झालंय, पण बोटीवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी हॅवलॉकच. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं इथं वसवली गेली. गावांची नावं गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर, कृष्णनगर. ती ऐकून पंढरपूरच्या शेजारचा माणूस जरा निवांत झाला.

राधानगरचा किनारा ‘टाइम’ साप्ताहिकानं २००४ साली आशियातला सर्वोत्तम ठरवला होता. वाळू पिठासारखी, मागं उंच जंगल, पुढं निळंशार पाणी. लोक फोटो काढत होते. नानांनी खिशातून टीडीएस मीटर काढला. आमच्याकडं बोअर मारलं की मचूळ पाणी तपासायला हा पेन लागतोच. तो त्यांनी समुद्रात बुडवला. आकडाच येईना. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ, बिचारा मीटर सांगणार काय! वैनींनी मात्र चंद्रभागेत टाकावं तसं एक नाणं लाटेत टाकलं, हात जोडले, पदर खोचला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. अख्ख्या सहलीत खरा प्रवास त्यांनीच केला, असं माझं मत आहे. सव्वापाचलाच सूर्य बुडाला. बेट इतकं पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. नाना म्हणाले, ‘‘हितं मजूर परवडायचा न्हाय.’’

अंदमानात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडं पाचशेच्या आतबाहेर, तोही कृपा झाली तर. हे कळल्यावर नाना अस्वस्थच झाले. एवढा पडतो, मग शेततळी कुठंयत? रात्री त्यांनी खोलीतली बादली, मग, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणि शेवटी चहाची किटली भरून ठेवली.

तिसऱ्या दिवशी स्कूबा. पोहता न येणाऱ्यालाही बारा मीटरच्या आत, मागून प्रशिक्षकानं धरून नेतात. नानांना पोहायला येतं. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेले. इथं पाठीवर सिलिंडर आला. तो डबा तरंगायला होता, हा बुडायला, एवढाच फरक. पहिली अडचण मिशीची. मास्कच्या कडेखाली मिशी आली की पाणी आत शिरतं. ‘‘वॉल गळतोय,’’ नानांनी निदान केलं. प्रशिक्षकानं मिशीला व्हॅसलिन फासलं. सांगोल्यात असं कुणी केलं असतं तर भावकी जमली असती.

कान का दुखतात, ते मात्र नानांना समजवावं लागलं नाही. दहा मीटर खाली गेलं की पाण्याचा दाब एक किलोनं वाढतो. ‘‘म्हंजी आमच्या ठिबकच्या लाईनीएवढा,’’ असं म्हणत त्यांनी नाक दाबून कान मोकळे केले.

घोटाळा खुणांत झाला. पाण्याखाली अंगठा वर केला की ‘मला वर न्या’. ठीक आहे म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. नानांना प्रवाळ दिसलं, रंगीत माशांचा थवा दिसला. खूश होऊन त्यांनी अंगठा दाखवला. प्रशिक्षकानं वर आणलं. पुन्हा खाली, पुन्हा खूश, पुन्हा वर. २०२२ मध्ये गुवाहाटीतून फोनवर ‘ओक्के’ म्हणून अख्खा महाराष्ट्र हसवणारा आमदार ज्या तालुक्याचा, तिथल्या माणसाला ओक्केची खूण जमू नये! वैनींना पहिल्याच फेरीत जमली. त्या वेळेवर वर आल्या आणि नारळपाणी पीत बसल्या.

परतल्यावर कट्ट्यावर मंडळी जमली. लेकीनं व्हिडिओ लावला. मासे नानांच्या कानाजवळून जातायत आणि नाना सिलिंडरच्या काट्यावरून नजर हलवत नाहीत.

‘‘नाना, मासं कसं हुतं?’’

‘‘मासं कोण बघतंय? दोनशेवर काटा हुता, पन्नास ऱ्हायलं आन् गड्यानं वर काढलं. म्हणलं, पन्नास हाय की अजून! तर म्हणतो, ते ठेवावंच लागतंय. पैसं पुऱ्या टाकीचं, आन् पाव टाकी त्येच्याकडंच!’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? म्हणलं, ऱ्हायलेलं पुढच्या पाळीला धर. तर हसाय लागला. हेडचं असणार बेनं.’’