अंगठा तुमचा, खातं त्यांचं

मिरज जंक्शनवर पुण्याची गाडी लागली की बाकड्यावर एक विषय हमखास निघतो : शेतकऱ्यांना सगळं फुकट! बोलणाऱ्याच्या खिशात तिकीट असतं. प्रवासाच्या खर्चातले सरासरी ५७ टक्केच आम्ही वसूल करतो, असं रेल्वे २०१६ पासून तिकिटावर छापू लागली. उरलेले ४३ टक्के कोण भरतं, हे साहेबांनी कधी वाचलेलं नसतं. अनुदान नेहमी दुसऱ्यालाच मिळतं.

तर हे 'फुकट' बघू. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. दुकानात आधार नंबर सांगायचा, मशीनवर अंगठा टेकायचा. खुरप्यानं झिजलेला अंगठा पहिल्या झटक्यात उमटेल तर शपथ! उमटला की पावती निघते आणि त्या अंगठ्यावर अनुदान जमा होतं खत कंपनीच्या खात्यात. गोणी स्वस्त पडते, हे खरं. पण वर दुकानदार म्हणतो, "सोबत ही बाटली घ्यावी लागंल, दादा." असं लिंकिंग, म्हणजे खतासोबत दुसरा माल गळ्यात मारणं, करायचं नाही, असा सरकारी आदेश आहे. तो बहुधा बाटलीवर छापायचा राहिलाय.

२०१० साली केंद्रानं बाकीच्या खतांचं अनुदान त्यातल्या अन्नद्रव्यांच्या प्रमाणावर बांधलं, युरियाला त्यात घ्यायची छाती कुणाची झाली नाही. युरिया स्वस्तच राहिला. मग उसाला ओता युरिया, रानाची वाट लागली तरी चालेल.

विजेचंही तसंच. आपल्या मिरज तालुक्यातली म्हैसाळ उपसा सिंचन योजना घ्या. कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलून दुष्काळी जतपर्यंत चढवायचं, तर वीज लागणारच. बिल थकलं की महावितरण वीज तोडायची, पंप बंद, मग मोर्चे, निवेदनं. त्यातून निघालं '८१-१९' : बिलाचे ८१ टक्के सरकारचे, १९ शेतकऱ्यांचे. शेतकऱ्याचे १९ बऱ्याचदा साखर कारखाना उसाच्या बिलातूनच कापून घेतो. सरकारचे ८१ जातात महावितरणला, म्हणजे सरकारच्याच कंपनीला. या खिशातलं त्या खिशात, आणि लाभार्थी म्हणून फोटो जतच्या शेतकऱ्याचा!

अनुदान बंद करा, असं कोण म्हणतंय? ते बंद झालं तर जतच्या डाळिंबांना पुन्हा टँकर. मागणं एवढंच की, अर्थसंकल्पात अनुदानाचा आकडा शेतकऱ्याच्या नावानं वाचता ना, मग पैसे कुणाच्या खात्यात पडले तेही त्याच ओळीत, त्याच आवाजात वाचा.