प्रलयाला तारीख पे तारीख

अमेरिकेतल्या ओकलंडच्या फॅमिली रेडिओवरून ख्रिस्ती प्रवचनकार हॅरल्ड कॅम्पिंग यांनी जगाच्या न्यायनिवाड्याला 21 मे 2011 ही तारीख देऊन टाकली होती. हिशेब असा: प्रलयापूर्वी नोहाला सात दिवसांची मुदत मिळाली, बायबलमधल्या पेत्राच्या दुसऱ्या पत्रात देवाचा एक दिवस हजार वर्षांसारखा, म्हणून त्यांच्या मते इ.स.पू. 4990 मध्ये झालेल्या जलप्रलयापासून सात हजार वर्षे मोजायची. (शून्य साल नसते म्हणून एक वजाही केला. गणित चोख!) पण त्याच वचनात हजार वर्षेही एका दिवसासारखी आहेत, तो भाव लावला तर सगळा कारभार आठवड्यात आटोपतो. पेत्र तिथे देवाच्या सबुरीबद्दल बोलतो आहे, कोष्टक देत नाही. शिवाय मार्क 13:32 नुसार ती घटका खुद्द पुत्रालाही, म्हणजे येशूलाही, ठाऊक नाही. यावर उत्तर तयार होते: ते तेव्हापुरते, आता दानिएलाच्या ग्रंथाची मोहोर उघडली आहे, आणि चोरासारखा दिवस येतो तो गाफिलांवर. थेस्सलनीकाकरांना पौलाने जागे राहायला सांगितले, हे खरेच. पण तारीखच कळली असेल तर जागायचे कशाला? गजर लावून खुशाल झोपावे.

22 मे उजाडला, मग न्याय ‘आध्यात्मिक’ रीतीने झाल्याचे कळले आणि 21 ऑक्टोबरची पुढची तारीख पडली. बायबलच्या ‘अनुवाद’ ग्रंथातल्या 18:22 प्रमाणे सांगितलेले घडले नाही, तर ते देवाचे बोलणे नव्हे. सुधारित वेळापत्रकाची सोय तिथे नाही. कॅम्पिंग यांच्या आधीच्या भाकिताच्या पुस्तकाला, ‘1994?’ला, निदान प्रश्नचिन्ह तरी होते.