चार वाटण्यांचा रविवार

आमच्या खुलताबादेत भक्ती पायांवरून ओळखतात. श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीच्या दर्शनाला शहरातून माणसं रातोरात चालत येतात. पंचवीसेक किलोमीटर, त्यात घाट, आणि बरेच जण अनवाणी. सुफी संत जर जरी जर बक्ष यांचा उरूस भरला की गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. आम्ही ख्रिस्ती मूठभर. रविवारी आम्ही त्याच रस्त्याने उलट दिशेला, एसटीत बसून, शहरातल्या चर्चला जातो आणि तरीही पहिलं गीत संपल्यावर पोचतो.

भद्रा मारुतीची मूर्ती निजलेली आहे. म्हणजे देव निजलेला आणि भक्त रात्रभर जागे. आमच्या उपासनेत नेमकं उलटं. देव सदा जागा, आणि उपदेश दुसऱ्या मुद्द्यावर आला की भक्तांच्या माना एकेक करून झुकू लागतात. नवख्याला वाटावं, काय ही नम्रता!

सगळ्यात मोठी आज्ञा कोणती, असं एका शास्त्र्याने येशूला विचारलं होतं. उत्तर मार्कच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात आहे. देवावर प्रीती करताना अंतःकरण, जीव, बुद्धी आणि शक्ती यांतलं काहीही राखून ठेवायचं नाही. आमच्या घरी मात्र रविवारी सकाळीच या चौघांच्या वाटण्या झालेल्या असतात. शक्ती एसटीत जागा पकडण्यात खर्ची पडते. घराला कुलूप लावलं की नाही, यावर बुद्धी घाटभर काम करत राहते. अंतःकरण हळद-मीठ लावून ठेवलेल्या मटणापाशी घरीच थांबलेलं असतं. उरला जीव. तो बिचारा एकटा चर्चमध्ये पोचतो आणि दानाची थैली समोर आली की सुटे शोधण्यात तोही गुंततो.

घरोघरच्या प्रार्थनासभांत तर देवाला बातम्याच द्याव्या लागतात. कुणाची बदली झाली, कुणाच्या सुनेचं माहेरी किती दिवस राहणं झालं, हे सगळं प्रार्थनेतून वर कळवलं जातं. सर्वज्ञ देवाला ते आधीच ठाऊक असतं. शेजारच्या बाकावरच्यांना नसतं.

सगळं मन देवाला दिलेला माणूस मराठी मुलखात झालाच नाही, असं मात्र नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या वाटेने ते ख्रिस्तापाशी पोचले आणि येताना अभंग, ओवी, कीर्तन सारं बरोबर घेऊन आले. म्हणून आजही ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतांचं पुस्तक उघडलं की टिळक भेटतात. पण सगळं मन देवाला दिल्यावर घरखर्चासाठी ते शिल्लक कुठून राहणार? उद्याची फिकीर नाही, आणि वाटेत भेटलेला गरजू थेट घरी.

हिशेब उरला लक्ष्मीबाईंकडे. नवऱ्याचा धर्म बदलला म्हणून या बाईंनी आपलं सोवळं लगेच सोडलं नाही. स्वतःला पटेपर्यंत वेळ घेतला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पुढे दुष्काळातली पोरकी मुलं पोटच्या पोरांसारखी सांभाळली. नवऱ्याच्या या देववेडाची सारी हकिकत त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त हसत हसत सांगितली आहे. देवाची गाणी टिळकांनी रचली, देवाच्या लेकरांच्या भाकरी बाईंनी थापल्या. उपासना दोन्ही.

‘‘मलाही टिळकांसारखं व्हावंसं वाटतं,’’ असं मी एकदा भारावून बायकोला म्हणालो.

‘‘व्हा की,’’ ती म्हणाली, ‘‘पण लक्ष्मीबाई दुसरी शोधा. आणि त्याआधी गिरणीतून दळण आणा.’’

ही बाई उपदेशात माझ्याआधी पेंगते. पण शेजारच्या म्हाताऱ्या चाचींच्या डोळ्यांत रात्री थेंब घालायला जायचं ती कधी विसरत नाही. त्या वेळी मी घरात बायबल उघडून, आवाज बंद करून, क्रिकेट पाहत असतो. मार्कच्या त्याच अध्यायात मोठ्या आज्ञेला लागूनच शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आहे. ती वाचायला मला वेळ लागतो, कारण मधे षटक संपायचं असतं.

तेव्हा मंडळी, आपली भक्ती किती सच्ची, हे पाळकसाहेबांना विचारू नका. त्यांना आपण फक्त रविवारी दिसतो, तेही इस्त्री केलेले. सोमवारी सकाळी घरच्यांना विचारा. धीर असेल तर शेजाऱ्यांनाही.