नुक्ते आणि चिंचोके

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. ज्ञानरचनावादाची प्रशिक्षणं इतकी झालीत की घरी लसूण सोलायचा असला तरी मी आधी गट पाडते. त्यामुळे लेकीच्या हातात नूरानी कायदा आला, तेव्हा माझ्यातली शिक्षिका जागी होणार हे ठरलेलंच होतं. कायदा म्हणजे कलमं-पोटकलमं नव्हेत. कुराण वाचायला शिकण्याचं पहिलं पुस्तक. हा कायदा लुधियान्याच्या मौलाना नूर मुहम्मद यांचा. पोर चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की बिस्मिल्लाख्वानी करून सबक सुरू करायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. पुढे संध्याकाळी मकतब, म्हणजे कुराण शिकवणारी शाळा, आणि त्यानंतर 'बसत नाही जा!' हा कार्यक्रम.

म्हटलं, खेळातून शिकवू. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांनी फरश्या रंगवून अख्खा महाराष्ट्र फरशीवर बसवला. मग आपल्या सोप्याला काय झालंय? खडूनं अलिफ, बा, ता काढले आणि लेकीला लंगडी घालायला सांगितली. सासूबाई तसबीह (जपमाळ) टाकून धावल्या. "हरफांपर पाँव? तौबा, तौबा!" फरशी पुसली. मग पुठ्ठ्याची कार्डं केली. "पोरीला पत्ते शिकवतेस?" तीही कपाटात गेली. सापशिडीच्या घरांत अक्षरं लिहिली, तर फासा मना. विस्तार अधिकाऱ्यांनीसुद्धा माझी इतकी कडक तपासणी कधी केली नव्हती. पण पाय लागू नये हे सासूबाईंचं म्हणणं मला पटलं. खुद्द कुराणशरीफ तर वजू करून, रेहलवर ठेवूनच उघडायचं. खेळ फक्त कायद्यापुरता.

शेवटी उरली पाटी आणि डबाभर चिंचोके. अरबीत शब्दाच्या सुरुवातीला आले की बा, ता, सा, नून आणि या हे पाचही एकाच साच्यातले, नुसता एक छोटा दात. फरक काय तो नुक्त्यांचा, म्हणजे टिंबांचा. खाली एक ठेवला की बा, वर एक की नून. वर दोन ता, खाली दोन या, वर तीन सा. पाटीवर मी दात काढायचा, चिंचोक्यांचे नुक्ते लेकीनं मांडायचे. पोरगी अशी रमली की मकतबला जायच्या वेळी उलट मलाच 'ऊठ' म्हणावं लागलं. दीड वर्षाच्या धाकट्यानं मात्र 'सा'मधला एक नुक्ता उचलून तोंडात घातला. लेक किंचाळली, "अम्मी, यानं 'सा'चा 'ता' केला!" सासूबाईंनी त्याच्या तोंडात बोट घालून व्याकरण बाहेर काढलं. सुरुवातीच्या काळातल्या हस्तलिखितांत नुक्ते फार थोडे असत. वाचणाऱ्यांना बहुतेक पाठच असे. आमच्या घरात तो काळ परत यायला असा वेळ लागत नाही.

गैनचा उच्चार घशातून काढायचा असतो. त्याचा सराव सकाळी मिठाच्या गुळण्या करताना. दोघी नळाशी उभ्या राहून गैन म्हणतो. शेजारच्या काकूंनी दोनदा आल्याचा काढा पाठवला.

हे सगळं मीच शोधलं असा माझा समज होता. मग कळलं, इंडोनेशियात योग्यकर्त्याच्या असद हुमाम यांनी कधीच 'इक्रो' नावाच्या सहा पुस्तिका काढल्या. त्यात हिज्जे करत बसायचं नाही; मुलानं पहिल्या पानापासून थेट वाचायचं. त्याच जोरावर मी मकतबच्या मौलवीसाहेबांना दोन शब्द सुनावायला गेले. तिथे वीस पोरं डुलत, एका ठेक्यात 'बा जबर ब, बा जेर बि' गात होती आणि चुकणारं पोर सगळ्यांत जास्त हसत होतं. मौलवीसाहेब खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढत होते. मी प्रशिक्षण न देताच परत आले. गोळीला मान्यता द्यावी की नाही, यावर दातांच्या डॉक्टरांचं मत वेगळं पडेल. माझं मत मौलवीसाहेबांच्या बाजूनं आहे.

तरी चिंचा फोडत असाल, तर चिंचोके फेकू नका, आमच्याकडे पाठवा. कच्चेच पाठवा. भाजलेले आले, की सासूबाई नुक्ते शिल्लक ठेवत नाहीत.