गाडी रेडी आहे, फक्त…

बापूंना भेटल्यावर 'जीप कुठे आहे?' असं विचारायचं नसतं. 'जीप कुठवर आली?' असं विचारायचं असतं, घर बांधायला काढलेल्या माणसाला विचारतात तसं. मग बापू पायजम्याला हात पुसतात, बोनेटवर दोन थापा मारतात आणि म्हणतात, "गाडी रेडी आहे मास्तर. फक्त…"

या 'फक्त'वर बापूंची गेली नऊ वर्षं उभी आहेत. शहाद्याजवळ त्यांचा पपईचा मळा आहे. पपईला बरा भाव मिळाला की जीपला काहीतरी नवं येतं. भाव पडला की जीपचं जुनं काहीतरी विकलं जातं आणि त्या पैशांत जीपला काहीतरी नवं येतं. शेतीच्या अर्थकारणावर मी पुष्कळ ऐकलं आहे, पण बाजार चढला काय नि पडला काय, एकाच दिशेने वाहणारा पैसा मी फक्त इथेच पाहिला.

खरं म्हणजे बापूंना जीप नकोच होती. गुजरातेत एका रिसॉर्टवर त्यांनी एटीव्ही पाहिली, म्हणजे चार जाड चाकांची मोटारसायकल. पैसे भरून वाळूत दोन चकरा मारल्या आणि माणूस बिघडला. तसली गाडी घ्यायचीच, असं ठरवून परत आले. चौकशी केली तेव्हा कळलं की आपल्याकडे तिचं रस्त्यासाठी पासिंग होत नाही. मैदानात फिरवा, शेतात फिरवा, रस्त्यावर आणायची नाही. "म्हणजे मळ्यापर्यंत तिला ट्रॉलीत बसवून न्यायची? मग ट्रॅक्टर काय वाईट होता?" असं म्हणून बापूंनी एका सरकारी लिलावात जुनी महिंद्रा एमएम-५४० उचलली. फोर बाय फोर, प्यूजो जातीचं डिझेल इंजिन, घोडे साठ-बासष्ट. घरी आणली तेव्हा तिला पाटे होते, टप होता आणि मुख्य म्हणजे ती चालत होती. चालत आलेली ती तेवढीच एकदा, असं काकू म्हणतात.

पहिल्याच आठवड्यात बापूंच्या लक्षात आलं की टायर बारीक दिसतात. मूळचे टायर २९ इंचांच्या आसपास. बापूंनी ३३ इंची आणले. चार इंचांनी काय होतं, असं आपल्याला वाटतं. होतं असं, की चाक मडगार्डला घासतं. म्हणून मडगार्ड कापलं. तरी घासतं, म्हणून पाट्यांत पानं वाढवून गाडी उचलली. गाडी उचलली तसा खालचा शाफ्ट तिरका झाला, त्याचे क्रॉस खडखडू लागले. ते बदलले. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं, म्हणजे गिअर आपोआप लांबला. ओढ आठव्या हिश्श्याने घटली आणि मीटर चाळीस दाखवायचा तेव्हा गाडी पंचेचाळीसने जायची. शिवाय एवढं जड चाक जुन्या ब्रेकला जुमानेना. ब्रेक बदलले. घटलेली ओढ भरून काढायला टर्बो बसवला. टर्बोने इंजिन तापू लागलं, म्हणून मोठा रेडिएटर. तो मूळ जागेत मावेना, म्हणून पुढची जाळी कापून बंपर पुढे सरकवला. बंपर एवढा पुढे आलाच आहे तर त्यावर विंच हवी. विंच भरात आली की तीनशे-चारशे अँपिअर पिते, म्हणून दुसरी बॅटरी. दोन बॅटऱ्यांना अल्टरनेटर मोठा…

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हे आपण ऐकून आहोत. बापूंच्या अंगणात मसाल्याला मसाला लागत होता.

या सगळ्यात मिस्तरीचं स्थान मोठं. धुळे रस्त्यावरचा हा मिस्तरी जन्मात कुणाला 'नाही' म्हणालेला नाही. 'होईल ना बापू' आणि 'करून टाकू बापू' ही त्याची दोनच वाक्यं. बापू त्याच्याकडे सकाळी जातात, स्टुलावर बसतात, मिस्तरी गाडीखाली शिरतो. बापूंना फक्त त्याच्या चपला दिसतात आणि त्या चपलांशी ते तासन्‌तास बोलतात. एकदा मिस्तरी जेवायला गेला होता आणि गाडीखाली त्याचा पोऱ्या झोपला होता. बापूंनी डिफरेन्शियलच्या रेशोवर पाऊण तास विवेचन केलं. पोऱ्या उठून म्हणाला, "करून टाकू बापू." पोऱ्या तयार झाला, एवढाच त्याचा अर्थ.

मग आलं स्नॉर्केल. इंजिनाला हवा बोनेटखालून न घेता टपाच्या उंचीवरून घेता यावी म्हणून काचेच्या कडेने वर चढवलेलं धुराडं. धुराडं म्हटलं की बापू चिडतात. धूर बाहेर जातो, ही हवा आत येते. छातीएवढ्या पाण्यातून गाडी काढायची तर ते हवंच. शहाद्याला गोमाई नदी आहे. उन्हाळ्यात तिच्यात पाणी शोधायला माणूस पाठवावा लागतो. बापूंच्या स्नॉर्केलला आजवर पाणी लागलं ते वॉशिंग सेंटरवर.

कायद्याचं काय, हा प्रश्न मी मास्तर असल्यामुळे विचारला. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की कंपनीच्या मूळ नमुन्याशी विसंगत असे बदल गाडीत चालणार नाहीत. त्याआधी २०१७ च्या डिसेंबरात, गाड्यांच्या पुढे लावलेल्या लोखंडी बुलबारवर कारवाई करा म्हणून केंद्राने राज्यांना कळवलं होतं. बापूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "हे रस्त्यावरच्या गाडीला ना? माझी गाडी रस्त्यावर येते कधी?"

या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण वर्षातून एकदा ती येते. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते आणि तिथे घोड्यांचा बाजार लागतो. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे. कुणी गळ्यात घुंगरांची माळ घालून, कुणी नाचायला शिकून आलेला. बापूंच्या आजोबांची तिथे घोडी असायची. ती शेतात कामाला नव्हती, टांग्याला नव्हती, शर्यतीतही कधी धावली नव्हती. वर्षभर खरारा करायचा, आयाळ विंचरायची, चांदीचे तोडे घडवायचे आणि यात्रेत चार दिवस उभी करायची. आल्यागेल्याने 'वा!' म्हटलं की वर्षाचा चारा वसूल. बापूंची जीप मला कळली ती सारंगखेड्यात, पुस्तकं वाचून नाही. यात्रेच्या कडेला तिला उभी करून बापू बाजूला उभे होते, हात पाठीशी, मान किंचित तिरकी. घोडेवाला उभा राहतो तसेच. लोक जीपभोवती उजवीकडून फिरत होते, खाली वाकून बघत होते, टायरला बोट लावून बघत होते. भोवरा कुठे आहे, खोड कुठे आहे, ती शोधायची नजर तीच. पागोटं घातलेले एक म्हातारबाबा बराच वेळ निरखून म्हणाले,

"कितला दात शेत भो इले?"

"पाच," बापू म्हणाले. पुढे चार आणि मागे एक, असे गिअर त्यांनी मोजले असावेत. म्हातारबाबांनी समाधानाने मान हलवली.

बापूंचा जीव त्या 'वा!'त आहे, हे एकदा ध्यानात आलं की बाकीचं सोपं होतं. जीप कुठे जात नाही, ही तक्रार आपली. त्यांची नाही. घोडी खाते तसं काहीतरी रोज हिलाही चारायला हवं, एवढंच त्यांना वाटतं. आणि जीप खातेही. मागच्या सीलमधून तेल गळतं, ते नऊ वर्षांत कुठल्याही मिस्तरीला थांबवता आलेलं नाही. आमच्या सातपुड्यात अस्तंब्याच्या डोंगरावर अश्वत्थामा भटकतो आणि कपाळावरच्या जखमेला तेल मागतो, अशी श्रद्धा आहे. दिवाळीत माणसं पायी चढून यात्रेला जातात. बापूंची जीप त्याच कुळातली. चिरंजीव आहे, जखम भरत नाही आणि येईल त्याच्याकडे तेल मागते.

यंदा महाशिवरात्रीला मात्र बापूंनी तोरणमाळला जायचं काढलं. गोरखनाथाची यात्रा, साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची, सातपायरीचा घाट. "आता हिची परीक्षा." काकूंना विचारलं. गाडी एवढी उचललेली की पायदान काकूंच्या गुडघ्याच्या वर येतं. काकूंनी एकवार पायदानाकडे आणि एकवार बापूंकडे पाहिलं.

"मी एसटीवर जास. तुम्ही या मांगून."

म्हणून काकूंच्या जागेवर मी बसलो. म्हसावद गेलं, राणीपूर गेलं. गाडी उत्तम चालत होती, असं बापू म्हणत होते. मला टायरच्या घरघरीपुढे ते ऐकू येत नव्हतं. घाट लागला तसा तापमानाचा काटा उजवीकडे निघाला. बापूंनी पंख्याचं बटण दाबलं, मग दुसऱ्या पंख्याचं. काटा निघाला तो निघालाच. तिसऱ्या वळणावर बोनेटमधून वाफ आली आणि आम्ही कडेला घेतली.

यात्रेचा दिवस. घाटात रांग लागलेली. जादा सोडलेल्या एसटी आमच्या शेजारून एकेक करत वर चालल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या खिडकीतून काकू दिसल्या. काही बोलल्या नाहीत. पिशवीतून राजगिऱ्याचे दोन लाडू काढून त्यांनी माझ्या ओंजळीत टाकले आणि बस वळणाआड गेली. बापू बोनेटमध्ये डोकं घालून होते, त्यांना हे दिसलं नाही, असं आम्ही दोघांनी मानून घेतलं.

मग धडगावकडची एक क्रूझर आली. दहाच्या पासिंगमध्ये वीसेक माणसं, टपावर गोण्या, मागच्या शिडीला लटकलेले तिघे. पंचविशीतला ड्रायव्हर उतरला. त्याने जीपला एक चक्कर मारली. टायर पाहिले, विंच पाहिली, स्नॉर्केलच्या तोंडाशी हात धरून पाहिला. मग पुढे येऊन उभा राहिला. पुढे बापूंनी आठ दिवे लावले आहेत, ताटाएवढाले, दोन ओळींत. बापूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ते रात्रीची गाडी चालवत नाहीत, हे इथे सांगायला हवं.

"दादा," तो म्हणाला, "हवा कुठून जाईल आत?"

आम्ही पाहिलं. मोठा रेडिएटर होता, दोन पंखे होते. त्यांच्यापुढे विंचची प्लेट, आणि प्लेटच्या वर आठ दिव्यांची भिंत. वारा आत शिरायला फट म्हणून नव्हती. मिस्तरीने 'करून टाकू' म्हणत सगळं करून टाकलं होतं.

पोराने आपला पान्हा आणला, गाडी निवेपर्यंत खालच्या ओळीतले चार दिवे उतरवले आणि माझ्या मांडीवर ठेवले. टर्बोचा एक पाइप ढिला झाला होता, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली. पैसे घेतले नाहीत. त्याची माणसं ओरडत होती. तो गेला, आम्ही मागून निघालो आणि काटा मध्यावर येऊन गुमान बसला. तोरणमाळपर्यंत बापू एक शब्द बोलले नाहीत. मी चार दिवे लेकरासारखे कुशीत धरून बसलो होतो.

वर यशवंत तलावापाशी तीच क्रूझर उभी होती. काकू दर्शन आटोपून सावलीत बसल्या होत्या. बापू जीपमधून उतरले आणि सरळ क्रूझरकडे गेले. उजवीकडून एक फेरी मारली. वाकून पाटे पाहिले. बोनेटवर हात फिरवला. पत्रा ठिकठिकाणी चेपलेला, रंग उडालेला, हेडलाइट एक पिवळा नि एक त्याहून पिवळा.

"किती वर्षं झाली हिला?"

"बारा."

"आणि काहीच केलं नाहीस?" बापूंचा आवाज खरोखर हळवा झाला होता. लंकेची पार्वती होऊन दारात उभ्या राहिलेल्या लेकीकडे बघावं तसे ते त्या गाडीकडे बघत होते.

पोरगा जरा घोटाळला. मग माझ्या हातातल्या दिव्यांकडे बघून म्हणाला, "दादा, हे विकायचे आहेत का? पाड्यावरून रात्री पेशंट आणावे लागतात. वळणावर दिसत नाही काही."

"विकायचे नाहीत," बापू म्हणाले. पोराचा चेहरा उतरला. "उद्या शहाद्याला ये. मी स्वतः बसवून देतो, चारही. पैसे नकोत."

पोरगा हसला. बापूंनी क्रूझरचं बोनेट उचललं, आत डोकावले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"फक्त," आतून आवाज आला, "बॅटरी मोठी करावी लागेल. आणि मग अल्टरनेटर…"

पोराने माझ्याकडे पाहिलं. मी लाडू पुढे केला.