परमिटवाले भाऊजी

इतवारीच्या किराणा ओळीत मुनीमकी करणाऱ्या भाऊजींना कायद्याची भारी हौस. दारूची त्याहून थोडी कमीच म्हणायची. खिशातून पव्वा निघण्याआधी परवाना निघतो. हजार रुपये भरून घेतलेला, आजीवन, लॅमिनेशन केलेला. आजीवन मिळायच्या आधी ते दुकानात दर वेळी पाच रुपयांचं एका दिवसाचं परमिट मागून घ्यायचे, तेव्हा दुकानदार गल्ला सोडून त्यांच्याकडेच बघत राहायचा.

बसायची जागा ठरलेली: गल्लीतलं सावजी. भिंतीवर लाल अक्षरांत ‘येथे मद्यपान करण्यास सक्त मनाई आहे’, आणि पाटीच्या बरोब्बर खाली सोड्याचं क्रेट. पोऱ्या न विचारता स्टीलचे गिलास आणतो. स्टीलमधलं बाहेरून दिसत नाही. मटणाच्या तर्रीवर तेल तरंगत असतं आणि भाऊजी शेजारच्या टेबलाची तपासणी घेत असतात.

“वय काय बे तुह्यं?”

“23.”

“मंग व्हिस्की काहून? 21 ले बिअर न् वाइन, व्हिस्कीले 25 लागते!”

पोरगं गिलास लपवतं. भाऊजी हळहळतात.

कायद्यावर त्यांचा राग आहे, पण तो ऐतिहासिक. “मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा. तवा आपण मुंबईत होतो काय? नागपूर राजधानी होतं बाप्पा! 1956 ले ढकललं आपल्याले तिकडं.” तरी कायदा म्हणजे कायदा. वर्ध्याला लग्न असलं, की भाऊजी बुटीबोरीलाच कार्यक्रम उरकतात. पुढं दारूबंदीचा जिल्हा, गांधीजींचा.

पुतण्याच्या साक्षगंधाला लॉनसाठी एक दिवसाचा वेगळा परवाना त्यांनीच हट्टानं काढायला लावला. पिणाऱ्याचा परवाना निराळा आणि जागेचा निराळा, हे त्यांना तोंडपाठ. आपली बाटली घेऊन खानावळीत बसलं, तर बसवणाऱ्याला कलम 68 आणि बसणाऱ्याला 84, हेही तोंडपाठ. फक्त सावजीचा रस्सा समोर आला, की ही दोन कलमं त्यांना आठवत नाहीत. माझ्या मते, ती विसरता यावीत म्हणूनच बाकीचा कायदा त्यांनी इतका घोटून ठेवला आहे.

परवा एक्साइजवाले आले. पोरं मागच्या दारानं पसार. भाऊजी जागचे हलले नाहीत. त्यांनी ऐटीत परवाना पुढं केला. साहेबांनी तो उलटसुलट वाचला.

“काका, हा तुमचा झाला. टेबलाचा कुठाय?”

मालक रडकुंडीला आला. भाऊजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “घाबरू नको. तुह्यं कलम मोठं हाय, माह्यं बारकं.” मग साहेबांकडं वळून म्हणाले, “पंचनाम्यात परवान्याचा नंबर टाका बरं. अन् ‘आजीवन’ लिहा. नाहीतर लोकं म्हणतीन, भाऊजी बिनपरमिटचे पेत होते.”