टनेजवाले तात्या

कारखान्याच्या गव्हाणीत उसाची मोळी पडली की सांगली-कोल्हापूर पट्ट्यातले तात्या सगळंच टनात मोजू लागतात. पुढाऱ्याची पत, पोरीच्या स्थळाची शेती, पाहुण्याची अक्कलसुद्धा. हे तात्या कुण्या एका गावचे नव्हेत. जिथं ऊस आहे, कारखाना आहे आणि कर्जावर घेतलेला ट्रॅक्टर आहे, तिथं ते असणारच.

वाहतुकीचं बिल टनावर निघतं, आणि तिथंच सगळं येतं. दोन खेपांचा ऊस एका खेपेत नेला की एका खेपेचं डिझेल वाचलं. हप्ते भरणाऱ्या माणसाला हा हिशोब चुकीचा आहे हे पटवणं सोपं नाही, आणि गाडीतळावर तसा प्रयत्न कुणी करतही नाही. उलट ट्रेलर जितका उंच, तितकी बघ्यांची गर्दी जास्त. आरसी बुकात पासिंग किती आहे असं विचारलं तर तात्या दयेनं बघतात. "ते बुक कागदाचं हाय. ट्रेलर लोखंडाचा हाय."

मोटार वाहन कायद्यात ट्रॅक्टर म्हणजे स्वतः भार वाहण्यासाठी न बनवलेलं वाहन. तात्यांना ही व्याख्या बेहद्द आवडली. "बघा, ट्रॅक्टरवर बोजाच न्हाई. बोजा ट्रेलरवर!" त्याच कायद्यानं ट्रेलर हेही वाहनच ठरतं, त्याची नोंदणी आणि विमा वेगळा लागतो, हे ऐकायला मात्र ते थांबत नाहीत. त्यांच्या दोन्ही ट्रेलरवर एकच नंबर रंगवलेला आहे. विचारलं तर म्हणतात, "जुळी हायती."

चढ आला की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात. चाक रस्त्याला टेकलेलं नसलं की स्टिअरिंग फक्त धरायला उरतं. यावर तात्यांचा उपाय म्हणजे पुढं वाळूची पोती बांधायची, आणि ती कमी पडली तर बॉनेटवर दोन पोरं बसवायची. जादा वजनावर औषध काय, तर आणखी वजन. पोरं खुशीत असतात, व्हिडिओ निघतो.

उतारावर व्हिडिओ निघत नाही. ट्रेलरला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात, सगळी मदार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. त्यात ड्रायव्हर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतो. इंजिनाचा अटकाव सुटला की ओढणारा कोण आणि ढकलणारा कोण याची अदलाबदल होते. मागचा ऊस ट्रॅक्टरला हाकू लागतो आणि वळणावर त्याला आडवा करतो. ड्रायव्हरला मागून कुणी हाका मारल्या तरी टेपच्या आवाजात ऐकू येणार नाहीत.

रिफ्लेक्टरचं म्हणाल तर ते आहेत. हंगामाच्या आधी कार्यक्रमात, फोटोसकट मिळालेले. मग त्यांच्यावर उसाची टोकं लोंबतात. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला समोर नुसता अंधार दिसतो, आणि तो अंधार म्हणजेच ट्रेलर असतो. या विषयावर तात्या बोलत नाहीत. "माणसानं बघून चालवावं," एवढंच म्हणून तंबाखू मळतात.

दंडाचा हिशोब त्यांना तोंडपाठ आहे. कलम 194. जादा वजनाला 20,000 रुपये, वर जादा प्रत्येक टनाला 2,000, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलायची नाही. गाडी थांबवून वजन करून द्यायला नकार दिला तर 40,000. "आता बघा," तात्या बोटांवर मोजतात, "धा टन जादा निघालं तर चाळीस हजार. नकार दिला तरी चाळीसच. मग काट्यावर कशाला जायचं? उतरवायची हमाली तरी वाचती!"

काटा या वस्तूशी त्यांचं मूळचंच वाकडं आहे. काटामारीविरुद्धच्या आंदोलनात ते सगळ्यात पुढं. परवा कारखान्याच्या फाटकावर त्यांनी माईक घेतला. "ह्या पावतीवर अडतीस टन लिवलंय! माझ्या दोन ट्रेलरात चाळीस टन ऊस हुता, चाळीस! दोन टन कुणी खाल्ला?"

टाळ्या कडाडल्या. बंदोबस्ताला आलेल्या हवालदारानं वही काढली.

"तात्या, आकडा जरा परत सांगा. किती टन म्हणालात?"

तात्यांनी वहीकडं बघितलं, मग पेनाकडं. पावतीची घडी घालत म्हणाले, "तसा ह्यो काटा लई जास्त दावतो, साहेब."